लेकरू दूध टाकतं, दोष आईला का?

(देवळी येथे तरुण पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांमध्ये तलाक, पोटगी, शिक्षण, नोकऱ्या हे विषय नेहमी येतात. आजचा विषय आहे दूध टाकणारं लेकरू. काही जण हसले, ते मी पाहिलं. पण ज्यांच्या घरी दोन-तीन महिन्यांचं बाळ आहे, ते हसले नाहीत. पाजून झालं की खांद्यावर फाटलेलं दूध, आणि त्याबरोबर घरात सुनावणी सुरू. ‘हिचं दूधच बाधतं.’ ‘हिनं काल वांगं खाल्लं.’ ‘नजर लागली.’ या खटल्यात आरोपी एकच असते, बाळाची आई. निकालही ठरलेला असतो: अंगावरचं बंद करा, डबा आणा.

म्हणून आधी शरीरात काय घडतं ते समजून घेऊ. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंची एक झडप असते. लहान बाळात ती अधूनमधून सैल पडते. बाळाचं जेवण सगळं पातळ, जठर छोटं आणि बाळ दिवसभर आडवं. मग दूध वर येणारच. त्यासोबत जठरातलं आम्लही थोडं येतं, त्यालाच आपण अ‍ॅसिड रिफ्लक्स म्हणतो. पहिल्या काही महिन्यांत निम्म्याहून जास्त बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यांत जास्त असतं. बाळ बसायला लागलं, घट्ट खाऊ लागलं की कमी होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात थांबतं. यात आईच्या वांग्याचा काही संबंध नाही.

मग घाबरायचं कधी? याचं उत्तर तुमच्या घरात पडलेल्या माता-बाल कार्डात आहे. अंगणवाडीत वजन करून घ्या आणि त्यातली रेषा पाहा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे महिन्याला 600 ते 900 ग्रॅम. ते वाढतंय, बाळ हसतंय, लघवी नीट होतेय, तर टाकलेलं दूध हा कपडे धुण्याचा प्रश्न आहे, आजार नाही. वजन थांबलं, बाळ स्तन तोंडात घेताच पाठ ताणून किंचाळतं, दूध नाकारतं, सारखं ठसकतं, तर बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त असेल, बाळ सुस्त असेल, ताप असेल किंवा टाळू फुगलेली दिसत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखी लांब उलटी होत असेल आणि बाळ लगेच पुन्हा भुकेलं असेल, तर जठराचं खालचं तोंड आवळलेलं असू शकतं. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि बाळ पूर्ण बरं होतं. पण तावीज बांधून आठवडा घालवला तर बाळ सुकून जातं. देवळीकरांना यात फार लांब जायचं नाही. सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय यवतमाळ रस्त्यावर आहे, आणि वर्ध्यापलीकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, जिथे डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. दुआ जरूर करा, गाडीत बसून करा.

आता पाजण्याबद्दल. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, ते पोटातून लवकर पुढे सरकतं. बाळ भुकेनं रडून लाल व्हायच्या आधी घ्या, कारण रडताना ते हवा गिळतं. डोकं पोटापेक्षा वर ठेवा. मध्ये थांबून ढेकर काढा आणि नंतर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धरा. हे काम अब्बांचं. यासाठी छातीत दूध लागत नाही! मालिश आणि अंघोळ पाजण्याआधी उरका. पोटावर लंगोट करकचून बांधू नका. पोट भरल्यावर लगेच साडीच्या झोळीत टाकलं की बाळ कमरेत दुमडतं, पोट दाबलं जातं आणि दूध वर येतं. झोपवताना सपाट जागेवर, पाठीवर, उशी न ठेवता. पाठीवर गुदमरेल ही भीती मी खूप घरांत ऐकली आहे. खरं तर पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासात जाणं उलट अवघड होतं.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाटलीचं दूध चालू असेल तर हिशोब करा. दिवसाला किलोमागे साधारण 150 मिलिलिटर. पाच किलोच्या बाळाला 750. सहा वेळा दिलं तर एका वेळी 125, आठ वेळा दिलं तर 95 च्या आत. पोट तेच, भार कमी. बाटली संपवायलाच हवी असा हट्ट नको.

आणि डब्याचा विषय निघालाच आहे, तर एक माहिती. बाळाच्या पर्यायी दुधाची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. कुणी नमुना हातात ठेवला तर कायदा तुमच्या बाजूनं आहे हे लक्षात असू द्या.

घुटीचं थोडं नाजूक आहे, कारण ती दादी-नानी प्रेमानं देतात. सहाणेवर उगाळलेलं जायफळ बाळाला गुंगी आणतं, ते शांत झालं असं आपल्याला वाटतं. मध तर वर्षाच्या आत नकोच. त्यातल्या जंतूंच्या विषानं बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जन्मल्यावर कानात अजान द्या, त्याला मध लागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर जातो, तरी सहा महिन्यांच्या आत पाणीही नको. दुधातच पाणी असतं. आईनं मात्र भरपूर प्यावं. दूध घट्ट करायला तांदळाची पेज घालणंही सहा महिन्यांच्या आत मनानं करू नका.

मेडिकलमधून स्वतःच उलटीचे थेंब आणणं थांबवा. डॉम्पेरिडोनसारख्या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. आम्ल कमी करणारी औषधंही खेळ नाहीत. जठरातलं आम्ल जंतू मारतं. ते दाबलं की जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. ज्याला खरंच गरज आहे त्याला डॉक्टर देतीलच.

आईच्या ताटाकडे येऊ. बाळंतिणीची डाळ, भाजी, फळं बंद करून दूध सुधारत नाही, फक्त आई खंगते. एक अपवाद आहे. काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते. शौचात रक्त, अंगावर खाजरे चट्टे दिसले, तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर सोडायला सांगतात आणि फरक पाहतात. त्यात सासूबाईंचा अंदाज चालत नाही.

धर्माचा दाखला देणाऱ्यांसाठी सूरह बकराची 233 वी आयत आहे. पूर्ण काळ पाजायचं ठरवणाऱ्यांसाठी दोन वर्षं, आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर, मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये, आणि दूध तोडायचं ते दोघांच्या राजीखुशीनं, सल्लामसलतीनं. दोघांच्या. शेजारच्या खालाच्या नव्हे. पाजणाऱ्या आईला स्वतःची किंवा बाळाची काळजी वाटत असेल, तर रोज्याची सवलतही आहे. ती घेणाऱ्या सुनेला टोमणे मारणाऱ्यांना थांबवणं हे घरातल्या तरुणांचं काम आहे.

सहा महिन्यांनंतर मऊ खिचडी, वरण-भात, कुस्करलेलं केळं, थोडं थोडं, बसवून. मोठ्या लेकरांचा त्रास बहुतेक वेळा आपणच वाढवतो. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, दुपारी पाच रुपयांचं तिखट पाकीट, आणि रात्री अकराला तर्रीदार सालन खाऊन लगेच अंथरूण. दीड वर्षानंतरही उलट्या, छातीत जळजळ, गिळताना अडकणं सुरू असेल तर दाखवायला हवं. पण त्याआधी पंधरा दिवस चहा बंद करून पाहा, आणि लेकराचं जेवण झोपेच्या दोन तास आधी उरका. रमजानमध्ये इफ्तारची भजी त्याच्याही हातात जातात, तेव्हा त्याच्यासाठी खिचडीचं पातेलं वेगळं चढवा.

आता प्रश्न विचारा. पुरुषांनी आधी.