डिंकाच्या लाडवाचा डबा

आपल्याकडे बाळंतपणासाठी लेक माहेरी आली की आई आधी डिंक निवडायला घेते. डिंकाचे खडे कढत तुपात पडले की लाह्यांसारखे फुलतात. ते वाटीच्या बुडाने चुरायचे, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खारकेची पूड, खसखस घालायची आणि गुळाच्या पाकात लाडू वळायचे, तेही हाताला चटके बसत असताना, कारण पाक निवला की मिश्रण दगड होतं. शेजारी अळीव नारळाच्या पाण्यात भिजत असतात. जेवायला बाजरीची भाकरी, वर तूप, लसणीची चटणी, शेपू नाहीतर मेथीची भाजी आणि जेवणानंतर बाळंतशोपा. एवढं कशासाठी, असं विचारलं तर कोणतीही आजी सांगेल, दूध उतरायला हवं ना!

आजीचं हे म्हणणं तपासून पाहण्याजोगं आहे. दूध किती येणार हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि कसं ओढतं त्यावर ठरतं. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दूध तयार करणारी, ते बाहेर सोडणारी संप्रेरकं स्रवतात. अळीव, शेपू, शतावरीने दूध वाढतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. आफ्रिकेत गांबियातल्या केनेबा या गावी 1980 च्या सुमाराला अंगावर पाजणाऱ्या बायकांना रोज भरपूर जादा खाऊ देऊन पाहिला. दूध वाढलं नाही, आयांचं वजन मात्र थोडं वाढलं. आपल्या देशात त्याच्याही आधी, 1950 च्या दशकात, पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी गरीब घरांतल्या आयांच्या दुधाचा अभ्यास केला. अर्धपोटी बाईच्या दुधातसुद्धा प्रथिनं आणि साखर जवळपास पुरेशी सापडली.

मग लाडू फुकट गेले का? मुळीच नाही. पहिल्या सहा महिन्यांत बाळ रोज साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते आईच्या अंगातून येतं. ताटातून आलं नाही, तर साठ्यातून येतं. दुधातलं कॅल्शियम तर आईची हाडंही पुरवतात. पाजण्याच्या काळात हाडांची घनता थोडी उतरते आणि दूध तोडल्यावर बहुतेकींची भरून येते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने या सहा महिन्यांत बाईला रोज 600 कॅलरी जास्त लागतात, मोजायचंच तर तीनेक भाकरी. डिंकाचा लाडू ही झीज भरून काढतो. तो खरा आईसाठी आहे, आणि बाळाच्या नावाने का होईना, तो तिच्या पोटात जातो हे मला फार मोलाचं वाटतं.

बाळाच्या वाट्याला थेट जातात ती जीवनसत्त्वं. अ जीवनसत्त्व, ब गटातली काही आणि आयोडीन हे खनिज आईच्या आहारात कमी पडलं की दुधातही कमी पडतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी 1962 मध्ये काही तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. मुलं अंगावरच पीत होती, तरी मलूल झालेली, पांढरीफटक पडलेली, शिकलेलं विसरत चाललेली. त्यांच्या आयांच्या अंगात ब12 जीवनसत्त्वाचा तुटवडा होता. हे जीवनसत्त्व मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींत तेच कमी निघालं.

म्हणून पथ्याच्या नावाखाली बाळंतिणीच्या ताटातून जे काढून घेतात त्याचा मला राग येतो. डाळ वातूळ, दही थंड, केळ्याने बाळाला सर्दी, अंडं उष्ण. काही घरांत पाणीसुद्धा मोजून! आणि बाळाला पहिला चीक पाजायचा नाही म्हणून तो पिळून टाकायचा. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि संसर्गापासून जपणाऱ्या घटकांनी भरलेला आईचा चीक मात्र फेकून देतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. सव्वा महिना झाला की लाडवांचा डबा रिकामा होतो, लेक सासरी जाते आणि पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवू लागते. बाळाचं पिणं तर पुढेही तितकंच चालू असतं. पाचव्या महिन्याच्या आसपास त्याचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, आणि सहा महिने त्याला दुधाखेरीज दुसरं काही द्यायचं नसतं.

बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या बाईला सव्वा महिन्याची विश्रांतीसुद्धा कुठली? कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळ ठेवायचं, मोळ्या उचलायच्या, मध्येच येऊन पाजायचं. आदिवासी भागांत मात्र 2015 पासून सरकारची अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं. शिधा घरी दिला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि बाईच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तिथेच बसून जेवली की घास तिच्याच पोटात जातो. ऊसतोडीच्या तळावर, वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामावर राबणाऱ्या बाळंतिणीला असं ताट मिळावं, आणि ते बाळ अंगावर पितं आहे तोवर मिळावं, एवढी मागणी आपण करायला हवी.