टांझानियाचे पंतप्रधानपद

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा ज्युलियस न्येरेरे पंतप्रधान होते. दीड महिन्यातच पक्षबांधणीसाठी त्यांनी ते पद रशिदी कवावा यांच्याकडे सोपविले. वर्षअखेरीस प्रजासत्ताक आले, न्येरेरे अध्यक्ष झाले आणि पंतप्रधानपद लोपले.

१९७२ मध्ये ते परतले, तेही कवावांकडेच. पण आता पंतप्रधान अध्यक्षांनी नेमलेला होता. त्याच वर्षी विकेंद्रीकरण जाहीर झाले. (समाजवादी सरकारला त्याचा आराखडा मॅकिन्झी या अमेरिकन सल्लागार कंपनीने आखून द्यावा, हे मासलेवाईकच!) निर्वाचित जिल्हा परिषदा मोडून त्यांच्या जागी वरून नेमलेले अधिकारी आले आणि प्रांतांचा कारभार पंतप्रधानांच्या कचेरीशी जोडला गेला. सत्ता दार-एस-सलामहून खेड्याकडे निघाली खरी, पण मुक्कामाला राहिली ती नोकरशहांच्या कचेरीत. १९७६ मध्ये शेतकऱ्यांचे सहकारी संघही बरखास्त झाले. १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्याने ज्या खेडुताचा कैवार घेतला, त्याच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी संस्था उरली नाही. हे दोन्ही निर्णय चुकले, अशी कबुली न्येरेरे यांनी १९८४ मध्ये दिली. तोवर परिषदा पुन्हा उभारण्याचे कायदे झाले होते.

आज पंतप्रधानाच्या नेमणुकीस संसदेची संमती लागते. संसद त्याच्यावर अविश्वासही आणू शकते. २००८ मध्ये रिचमंड वीजकरारावरील संसदीय समितीचा अहवाल येताच एडवर्ड लोवासा यांना पायउतार व्हावे लागले. त्यांना नेमणाऱ्या अध्यक्षांच्या आसनाला मात्र धक्का लागला नाही.