आमचा पत्ता त्यांना दिला कोणी?



कामगार चळवळीत उमर घालविलेल्या माणसाने ई-मेलवर बोलावे, हे काहींना विजोड वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. पण त्या कचेरीत एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो : माणसांची यादी ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबरच्या हाती असे. कोण कुठल्या गावचा, कोणत्या चाळीत राहतो, हे त्याला ठाऊक. आणि तेवढ्या भांडवलावर तो दस्तुरी खाई.

आज कामगारांची मुले आमच्याकडे नेमणुकीची पत्रे घेऊन येतात. ई-मेलने आलेले पत्र, वर नामांकित कारखान्याचे बोधचिन्ह, खाली शिक्का, आणि अनामत रक्कम आजच भरण्याची ताकीद. एकाने आईची पाटली गहाण टाकून बारा हजार भरले. नोकरी नव्हतीच. त्याने विचारले, "दादा, माझा पत्ता त्यांना दिला कोणी?"

प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या एका विक्रेत्याने अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात धाडली. पत्ते आले कोठून? छापील निर्देशिकेतून, हाताने उतरवून. आता ते काम यंत्र करते. संकेतस्थळांची पाने चाळीत जावे, पत्त्याच्या मधोमध असणारी ती वेटोळी खूण दिसली की आजूबाजूची अक्षरे उचलावी. महाविद्यालयांच्या याद्या, निविदांच्या जाहिराती, सोसायट्यांचे अहवाल, सारे त्याला सारखेच.

जे कोठेच छापलेले नाही, ते अंदाजाने काढतात. पाटील, जाधव, शिंदे, पुढे जन्मसाल. लाखो पत्ते जुळवायचे आणि पत्रे सोडायची. परत न आलेला पत्ता जिवंत समजायचा. टपालाला तिकीट लागत असे, म्हणून ठगालाही काही हिशेब करावा लागे; येथे तोही नाही.

कधी गळती शेजारघरची असते. १९९९ साली मेलिसा नावाचा विषाणू संगणकात शिरून मालकाच्या पत्तेवहीतील पहिल्या ५० जणांना स्वतःची प्रत पाठवी. आपण कितीही जपलो तरी आपले नाव दहा जणांच्या वहीत असतेच.

परंतु मोठा माल येतो कोठारातून. २००४ साली अमेरिकेत ए.ओ.एल. कंपनीचा एक नोकर पकडला गेला. त्याने ९ कोटी २० लाख पत्ते चोरून विकले होते. २००५ साली त्याला १५ महिन्यांची कैद झाली. योग्यच झाले. पण एवढी यादी एका माणसाच्या हाताला लागेल अशी ठेवली कोणी, हे आमच्यासारख्याला विचारावेसे वाटते. चौकशी नेहमी खालच्या पायरीपाशी थांबते. २०२१ साली एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली, तीही कंपनीने ज्या बाहेरच्या कंत्राटदाराकडे काम सोपविले होते त्याच्याकडून. कंत्राटी पद्धतीचे गुण आम्हाला नवे नाहीत! २०१९ च्या जानेवारीत तर निरनिराळ्या चोऱ्यांतून गोळा झालेले ७७ कोटींहून अधिक पत्ते एकाच गठ्ठ्यात उघड्यावर सापडले.

त्या मुलाचा पत्ता नेमका कोठून गेला, हे सांगता येणार नाही. मात्र नोकरीच्या संकेतस्थळांवर पैसे भरून उमेदवारांचे अर्ज चाळता येतात, आणि मालक म्हणून ठगही पैसे भरू शकतो. गरजू माणसांची निवडलेली यादी त्याला आयती मिळते.

यादीतला पत्ता जिवंत ठरला की त्याचा भाव चढतो. म्हणून पत्रात ठिपक्याएवढे अदृश्य चित्र दडविलेले असते; पत्र उघडताच ते दुरून मागविले जाते आणि तेथे नोंद होते. चित्रे आपोआप उघडू न देण्याची सोय असते, ती वापरावी. अनोळखी ठगाला "पत्रे पाठवू नका" असे कळविणेही त्याच्याच फायद्याचे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर त्याच तासाला कळवावे; उद्यावर टाकू नये.

आता कायद्याचे. १९२३ च्या कायद्याने यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराला मालकाकडून भरपाई मिळू लागली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२३ साली, वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. मात्र दंड जमा होतो भारताच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती फुटली, त्याला त्या दंडातून दमडी मिळत नाही.

भरपाईचे कलम मागणारा ठराव आमच्या युनियनने केला आहे. त्याचा कागद दाराशी ठेवला आहे. सही करावयाची असेल त्यांनी नाव आणि सही एवढेच लिहावे. ई-मेलच्या पत्त्याला त्यात रकाना नाही.