पोलादी दोराचा स्वभाव



येवल्याच्या विणकराला पिळाचे महत्त्व सांगावे लागत नाही. रेशमाचा पीळ कमी पडला तर धागा विसविशीत होतो. अधिक झाला तर त्याला अढी पडते. याच तालुक्याच्या अवर्षणप्रवण पूर्व भागात काळ्या खडकातून विहिरी खोदल्या जातात. तेथे दगड वर ओढणाऱ्या यारीचा पोलादी दोरही पिळाचाच बनलेला असतो. तळाशी राबणाऱ्या मजुरांचे प्राण त्या दोरावर अवलंबून असतात. त्याचा स्वभाव मात्र क्वचितच विचारात घेतला जातो.

पोलादी दोराचा जन्मही खोल खाणीसाठीच झाला. जर्मनीतील क्लाउस्टाल येथे 1834 मध्ये विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने तारा पिळून दोर सिद्ध केला. एक कडी तुटली की साखळी निकामी होते. दोराची एक तार तुटली, तर तिचा भार शेजारच्या तारा वाटून घेतात.

सर्वसाधारण दोरात 19 तारांचा एक पेड असतो आणि असे 6 पेड तंतूंच्या गाभ्याभोवती वळलेले असतात. म्हणजे एकूण 114 तारा झाल्या. असा दोर म्हणजे पोलादी गज नव्हे. त्याच्या वर्तनाचे गणिती प्रतिरूप मांडताना ताणणे, फिरणे आणि वाकणे या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

ताण बसताच पीळ आवळतो, गाभा दबतो आणि दोर लांबतो. 12 मिलिमीटर जाडीच्या, 20 मीटर लांबीच्या दोराला 500 किलो भार लावला, तर तो सुमारे 17 मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच पोलादाचा गज याच्या निम्माच वाढेल. त्याच वेळी पीळ उलगडू पाहतो. अधांतरी बकेट गरगर फिरते, ती यामुळेच.

तथापि, खरी मेख वाकण्यात आहे. तेल-वंगण असलेल्या तारा एकमेकींवरून घसरतात, म्हणून दोर लवचीक राहतो. त्या गंजून एकजीव झाल्या, तर त्याचा ताठरपणा सुट्या तारांच्या बेरजेच्या सुमारे 114 पटींपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षातील दोर या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो, आणि वंगण सुकत जाते तसतसा तो ताठरपणाकडे सरकतो.

आता कप्पीचा हिशेब पाहावा. वरील दोराची बाहेरची तार सुमारे 0.8 मिलिमीटर जाड असते. सोप्या सूत्रानुसार, 320 मिलिमीटर व्यासाच्या कप्पीवर वाकताना तिच्यात दर चौरस मिलिमीटरला 500 न्यूटन प्रतिबल निर्माण होते. 160 मिलिमीटरच्या कप्पीवर तेच 1000 न्यूटन होते. याउलट, 500 किलो भारामुळे येणारे प्रतिबल 90 न्यूटनांहूनही कमी असते. म्हणजे दोराचे आयुष्य दगडाच्या वजनापेक्षा लहान कप्पीच अधिक खाते. प्रत्येक फेरीत तार वाकते, सरळ होते, थकते आणि एके दिवशी तुटते. नव्या दोराची कागदावरील ताकद पाहून निर्धास्त राहणे म्हणूनच घातक ठरते.

यातून काही साधी कर्तव्ये निघतात. कप्पी व ड्रम दोराच्या जाडीच्या मानाने पुरेसे मोठे असावेत. दोराला नियमित वंगण द्यावे. कामापूर्वी, विशेषतः कप्पीवरून जाणाऱ्या भागातील तुटलेल्या तारा, गंज, कमी झालेली जाडी आणि पडलेल्या अढ्या पाहाव्यात. तपासताना उघडा हात दोरावरून फिरवू नये. टोकाला किमान 3 क्लिपा असाव्यात आणि त्यांची बैठक भार घेणाऱ्या बाजूवरच यावी. दगडांच्या बकेटमधून माणसांनी ये-जा करू नये. बकेट हलत असताना तिच्याखाली कोणी थांबू नये. दोराची निवड, जोडणी व देखभाल यांविषयी भारतीय मानक 3973 उपलब्ध आहे.

विहिरीच्या खोलीची आणि खर्चाची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी होते. तिच्या शेजारी दोराच्या तपासणीची तारीखही नोंदली जावी. शाळेत शिक्षकाने सुतळीचा पीळ उलगडून दाखविला, तर हे शास्त्र मुलांनाही कळेल. विहिरीला पाणी लागावे, ही साऱ्या गावाची इच्छा असते. त्या पाण्यासाठी खाली उतरलेला माणूस सुखरूप वर यावा, ही जबाबदारीही साऱ्या गावाचीच आहे.