एलीयाला मिळालेली तीन नावे

(कल्याण येथील उपकारस्तुतीच्या उपासनेत संस्थेच्या एका कार्यकर्त्या भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला पाड्यांवरच्या कामाविषयी सांगायला बोलावले आहे. कामाचा अहवाल दाराशी ठेवला आहे, तो आपण घरी नेऊन वाचालच. मी आज एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. आपल्यातल्या पुष्कळांनी तो मला विचारला आहे, कोणी उपासनेनंतर जिन्यात, कोणी रात्री फोनवर. "ताई, आपण दरवर्षी देतो, जातो, प्रार्थना करतो. पण एवढ्याशाने होणार काय?"

हा प्रश्न विचारणारी माणसे कंजूष नाहीत, उलट तीच सर्वांत जास्त देतात. सकाळी डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने जायचे, रात्री तसेच परतायचे, घरी आजारी सासूबाई, मुलांची फी. त्यात फोन उघडला की कुठे युद्ध, कुठे पूर, कुठे भूकंप. प्रार्थनेच्या विनंत्यांनी ग्रुप भरून जातो. मनाला वाटते, समुद्र उपसायला आपल्या हातात वाटी दिली आहे. असे वाटण्यात पाप नाही, पण त्या वाटण्याचे आपण काय करतो हे महत्त्वाचे आहे.

आधी आपल्या जवळचेच पाहू. शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांतल्या कातकरी वाड्या इथून दूर नाहीत. खैराच्या झाडापासून काथ काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, खैर तोडायला बंदी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा गेला. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित मानल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. पावसाळ्यात हातावर पैसा नसतो, म्हणून वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की घराला कडी लावून सगळे कुटुंब भट्टीवर जाते. आगोटीच्या आधी परत यायचे, हिशेब करायचा, आणि पुष्कळदा हिशेबात पुन्हा देणेच निघते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण उचलीची गाठ अजून सुटलेली नाही.

मुले आईबापांबरोबर जातात आणि शाळा सुटते. जातीचा दाखला काढायचा तर कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा कधी शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने हा कागद कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून सवलत अडते आणि सवलत नाही म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागते. तानसा, भातसा, वैतरणा ही धरणे याच डोंगरांत आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर मात्र एप्रिल-मे महिन्यांत बाया टँकरची वाट पाहत हंडे लावून बसलेल्या असतात. सगळे एकदम डोळ्यांसमोर आले की कार्यकर्त्याचेही हातपाय गळतात. गेल्या हंगामात आमच्यातली एक मेहनती मुलगी म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी ज्या भट्टीवर हे कुटुंब पाहिले, आजही त्याच भट्टीवर आहे. मी थांबते." मी तिला त्या दिवशी उपदेश केला नाही. जेवू घातले आणि चार दिवस घरी पाठवले. तसे का केले, ते मी एलीयापासून शिकले.

पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एलीयाचा एवढा मोठा विजय झाला होता. पण ईजबेलीची धमकी आली आणि हा शूर संदेष्टा रानात पळून गेला. एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने काय केले पाहा. त्याला देवाने आधी झोपू दिले. मग देवदूताने उठवले, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला लावले, कारण पुढची वाट लांबची होती. थकलेल्या सेवकाला देवाने आधी भाकर आणि झोप दिली आणि मगच त्याच्याशी संभाषण केले.

होरेब डोंगरावर एलीयाने आपले दुःख दोनदा सांगितले. सगळे बिघडले आहे आणि मी एकटाच उरलो आहे, असे त्याचे म्हणणे होते. देवाने त्याला सगळे इस्राएल सुधारण्याची आज्ञा केली नाही. परत जा म्हणून सांगितले आणि तीन नावे दिली: हजाएल, येहू आणि अलीशा. शिवाय हेही कळवले की बआलापुढे गुडघे न टेकलेली सात हजार माणसे मी राखून ठेवली आहेत. एलीयाला त्यांतले कोणी दिसत नव्हते, पण ती होती.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या तीन नावांपैकी एलीया स्वतः एकाकडेच पोहोचला. शेतात नांगरत असलेल्या अलीशाच्या अंगावर त्याने आपला झगा टाकला. हजाएलाशी पुढे अलीशा बोलला. येहूचा अभिषेक अलीशाने पाठवलेल्या एका तरुण शिष्याने केला. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, आठव्या आणि नवव्या अध्यायांत ते वाचायला मिळते. तिन्ही कामे एलीयाच्या हातून पुरी झाली नाहीत. तरी देवाचे काम अडले नाही, कारण एलीयाने आपल्यामागून येणारा माणूस तयार केला होता.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा उपाशी राहणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. लाखो माणसे मरत होती आणि ते थांबवणे एका विधवा बाईच्या हातात नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना बरोबर घेऊन आल्या. केडगावला त्यांनी शेतीसाठी जमीन आधीच घेतलेली होती, तिथे मुलींना निवारा मिळाला. मग शाळा, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. १९०० सालापर्यंत मुक्ती मिशनमध्ये सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. दुष्काळाच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण त्यांतल्या प्रत्येकीला तिचे संपूर्ण आयुष्य मिळाले. १९२२ साली रमाबाई प्रभूमध्ये निजल्या, आणि केडगावचे काम त्यांच्यामागे चालू राहिले.

तर मग, आपण काय करावे? मी तीन गोष्टी मागते.

पहिली, एक नाव घ्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळते, आणि त्यावर भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते. पण ते पत्रक आईच्या हाती पडले का, नव्या शाळेत कोणी नेऊन पोहोचवले का, हे पाहायला माणूस लागतो. भट्ट्या कल्याण, टिटवाळा, भिवंडीच्या आसपासच आहेत. तरुण संघातल्या दोघांनी मिळून एका मुलाची जबाबदारी घेतली, तरी ते वर्ष त्या मुलाचे वाया जाणार नाही.

दुसरी, बरोबर चला. दाखल्यासाठी कचेरीत एकट्या गेलेल्या कातकरी बाईला 'उद्या या' असे ऐकावे लागते, आणि तिची एका दिवसाची मजुरी बुडते. शेजारी वाचता येणारे कोणी बसले असेल तर कागद पुढे सरकतो. आपल्या मंडळीत निवृत्त कारकून आहेत, शिक्षिका आहेत. महिन्यातला एक दिवस द्या. आणि हे आपण कोणत्याही अटीशिवाय करतो. त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून काहीही मागायचे नाही.

तिसरी, थकलेल्याला विसावा द्या. पाळी लावा. जो थकला आहे त्याच्या घरी डबा न्या, त्याच्या पाळीला दुसरा जाऊ द्या. आणि प्रत्येकाने एक अलीशा शोधा, म्हणजे आपल्यामागे काम चालवील असा कोणी.

ती मुलगी पाचव्या दिवशी परत आली. ते कुटुंब या वर्षीही भट्टीवर आहे, हे मी लपवत नाही. पण त्यांची धाकटी लेक जवळच्या शाळेत दुसरीच्या वर्गात बसते आणि तिचे नाव हजेरीपटावर आहे. उचल अजून फिटलेली नाही. त्या कामाला आम्ही लागलो आहोत.

आपण प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, जगाचा भार तुझ्या खांद्यावर आहे, आमच्या नव्हे, हे आम्हाला आठवू दे. तू आम्हाला जी नावे दिली आहेस ती आम्ही विसरू नये असे कर. थकलेल्यांना भाकर आणि झोप दे, आणि त्यांना पुन्हा वाटेला लाव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.