गणिताची सुरुवात मांडीवर
(महिला गटांच्या मासिक बैठकीतील भाषण)



बैठकीत हिशोबाची वही पुढे सरकली की आपण काय म्हणतो? "मला नाही बाई जमत, तूच लिही." मीही तेच म्हणायचे. शेकडा दोन रुपयांनी व्याज किती, ते तोंडी बरोबर सांगायचे. पण वहीतले आकडे दिसले की हात थरथरायचा. ही भीती मला शाळेत बसली. माझ्या नातीला ती बसू नये, म्हणून आज बोलतेय.

नात दहा महिन्यांची आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरीला कसलं गणित? अहो, पाढे नव्हेत. कमी-जास्त, लहान-मोठं, आत-बाहेर हेही गणितच. कॅरन विन नावाच्या संशोधक बाईंनी 1992 साली पाच महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळासमोर एक बाहुली ठेवून पडद्याने झाकली, मग दुसरी पडद्यामागे ठेवली. पडदा काढल्यावर एकच निघाली, तर बाळं जास्त वेळ टक लावून बघायची. काहीतरी चुकलंय, हे त्यांनाही जाणवत होतं!

मग घरी काय करायचं?

स्वयंपाक करताना बाळापुढे चार वाट्या ठेवा. "ही मोठी, ही छोटी, ही आत बसली." नाही बसली तर लगेच लावून देऊ नका, करू दे खटपट.

भरवताना "एक घास, दोन घास" म्हणा. वाटी दाखवून "संपलं! अजून हवं?" विचारा.

आंघोळीला "तांब्या भरला, तांब्या रिकामा" म्हणा. पायऱ्या चढताना एका पायरीला एकच आकडा म्हणा. अर्थ आज कळणार नाही, पण कानावर पडू दे.

पदराआड लपून "कुऽऽक" करा. दिसत नाही, तरी आई आहे, हे बाळ त्यातूनही शिकतं.

एक मात्र सांभाळा. चिंचोके, हरभरे, मणी, नाणी बाळाच्या हाती नकोत, घशात अडकतात. पाण्याच्या बादलीपाशी क्षणभरही एकटं सोडू नका.

यात विकतचं काहीच नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनाच शिकवण्याचं साधन केलं.

आणि लेकरासमोर "मला गणित येत नाही" असं म्हणू नका. पुढच्या बैठकीत वहीतली बेरीज मी मोठ्यानं करणार आहे. चुकले तर तुम्ही सांगा, मी पुन्हा करीन. तेव्हा नात माझ्या मांडीवर असेल.