सुट्टीतील काम आणि त्याचे दाम



एप्रिल महिना सरत येतो, परीक्षेचा शेवटचा पेपर होतो आणि महाविद्यालयांची वसतिगृहे दोन-तीन दिवसांत ओस पडतात. एस.टी. स्थानकावर पुस्तकांचे गठ्ठे आणि गुंडाळलेली अंथरुणे घेतलेल्या तरुणांची गर्दी उसळते. वरवर पाहता ही सारी मंडळी एकाच सुट्टीवर निघालेली असतात. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी काहींच्या दृष्टीने सुट्टी म्हणजे एखाद्या कंपनीत दोन महिने उमेदवारी करण्याची किंवा हिमालयात गिरिभ्रमणास जाण्याची संधी असते. तर अनेकांच्या दृष्टीने तो पुढील वर्षाचे शुल्क आणि खानावळीचे पैसे जोडण्याचा हंगाम असतो. सुट्टीतील कामाचा विचार या दुसऱ्या विद्यार्थ्यापासून सुरू करणे उचित होईल, कारण त्याच्याविषयी फारच थोडे बोलले जाते.

काम करून शिकणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. तेथील मुलांनी शेतात आणि बागेत राबून आपल्या शिक्षणाचा भार उचलला. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात हेच तत्त्व उच्च शिक्षणापर्यंत नेण्यात आले. 'कमवा व शिका' या सूत्रात 'कमवा' हा शब्द पहिला आहे, याचा अनेकांना विसर पडतो. कर्मवीरांनी श्रमाचा गौरव केला, परंतु ते श्रम फुकट मागितले नाहीत. श्रमाच्या बदल्यात मुलाला जेवण, निवारा आणि विद्या मिळत होती. पुढे विद्यापीठांनीही याच नावाने योजना आखल्या. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळेची आणि बागेची निगा राखणे, कार्यालयातील नोंदी करणे अशी कामे आणि तासांच्या हिशेबाने मोबदला, असे त्यांचे स्वरूप असते. मात्र ही कामे बहुधा सत्राशी बांधलेली असतात. वसतिगृहाला कुलूप लागले की कामही थांबते, आणि पैशाची निकड तर नेमकी त्याच सुमारास असते.

श्रमाची दुसरीही एक परंपरा या राज्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत भर मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, तरुण कुदळ-फावडे हाती घेतात. १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करतो आणि सात दिवसांच्या शिबिरात राहतो. हे श्रमदान आहे. देणाऱ्याने ते खुशीने द्यावयाचे असते आणि त्याचा लाभ गावाला मिळावयाचा असतो. परंतु एखाद्या व्यावसायिक आस्थापनेने विद्यार्थ्याकडून दोन महिने नियमित काम करून घ्यावे आणि शेवटी त्याच्या हाती केवळ प्रमाणपत्र ठेवावे, याला दान कसे म्हणावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर या प्रश्नाला अधिक धार आली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र हवे असेल, तर उन्हाळी सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करण्याची तरतूद झाली. पूर्वी जी गोष्ट हौसेची होती ती गुणपत्रिकेत आली. हे स्वागतार्हच आहे. वर्गाबाहेरचे जग पाहिल्याशिवाय पदवी पुरी होऊ नये. परंतु गडचिरोलीच्या एखाद्या मुलीला अशा प्रशिक्षणासाठी पुण्यात दोन महिने राहावयाचे असेल, तर खोलीचे भाडे, खानावळ आणि रोजचे बसभाडे हा खर्च आलाच. शिवाय त्याच दोन महिन्यांत गावी मिळाली असती ती मजुरी बुडते. म्हणजे मोबदल्याविना मिळणारे प्रशिक्षण तिला फुकट पडत नाही. ती ते विकत घेते. ज्याचे घर पुण्यातच आहे आणि ज्याच्या वडिलांची एखाद्या कार्यालयात ओळख आहे, त्याला ही किंमत जाणवतही नाही.

शासनाने प्रशिक्षणाला विद्यावेतनाची जोड दिली, हे मोठे पाऊल होय. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय.टी.आय. अथवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये असे विद्यावेतन ठरविण्यात आले. त्याच वर्षी केंद्र शासनाची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही आली. काम शिकणाऱ्यालाही पोट असते, हे तत्त्व या निर्णयांनी मान्य केले. तथापि शिक्षण चालू असलेल्या उमेदवाराला पहिल्या योजनेत, आणि पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्याला दुसरीत, सुरुवातीपासूनच स्थान नव्हते. शिक्षण संपवून कामाच्या शोधात असलेल्यांसाठीच त्या आखलेल्या होत्या. त्यामुळे द्वितीय वर्षात शिकणाऱ्याची मे महिन्याची अडचण तशीच राहिली. 'कमवा व शिका' योजनेची कामे सुट्टीतही चालू राहिली आणि ती विद्यार्थ्याच्या तालुक्यातील ग्रंथालयात, आरोग्य केंद्रात किंवा कृषी संशोधन केंद्रात देता आली, तर ही उणीव बरीचशी भरून निघेल.

काम शहरातच शिकता येते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. पूर्व विदर्भात मे महिना हा तेंदूपानांचा हंगाम. पहाटे रानात जावयाचे, उन्हे तापण्यापूर्वी पाने तोडून घरी आणावयाची, सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि सायंकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यावयाचे. अशा एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. काम कष्टाचे आहे आणि वाघाच्या वावरामुळे जिवावरचेही आहे. सुट्टीत घरी गेलेली महाविद्यालयीन मुले-मुली आईवडिलांबरोबर हे काम करतात आणि जूनमध्ये वर्गात बसताना त्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत.

वास्तविक त्याच गावात शिकण्यासारखे पुष्कळ असते. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतः करतात. त्यासाठी निविदा काढावी लागते, व्यापाऱ्याशी करारनामा करावा लागतो, कोणाचे किती पुडे झाले याची नोंदवही ठेवावी लागते आणि प्रत्येक कुटुंबाची रक्कम बँकेत जमा झाली की नाही हे पाहावे लागते. करारनाम्यातील एक कलम नीट न वाचल्याने साऱ्या गावाचे नुकसान होऊ शकते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हे काम जेवढे मन लावून करील, तेवढे शहरातील एखाद्या लेखापालाच्या कचेरीत कागद लावताना करील काय? महाविद्यालयांनी ग्रामसभेचा हिशेब लिहिण्याला कार्यप्रशिक्षणाचे श्रेयांक दिले, तर त्या विद्यार्थ्याला घर सोडावे लागणार नाही आणि हंगामाची कमाईही बुडणार नाही. कोकणातील आंब्याच्या बागा, तासगावकडील बेदाण्याच्या शेड, सहकारी दूध संघ, सर्वत्र अशी कामे आहेत. त्यांना प्रशिक्षण म्हणण्याची सवय तेवढी नाही.

राहिला प्रवास. कमाई आणि भ्रमंती या गोष्टी परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरच्या कर्जापायी, दक्षिणा मिळेल या आशेने निघाले. मिळालेला पैसा वाटेत लुटला गेला. पण झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि 'माझा प्रवास' हे पुस्तक मराठीला मिळाले.

आजच्या विद्यार्थ्याला एवढी जोखीम पत्करावी लागत नाही. एस.टी. महामंडळाच्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. गावी जाण्यासाठी वा शैक्षणिक सहलीसाठी रेल्वेच्या शयनयान श्रेणीत विद्यार्थ्याला भाड्यात निम्मी सवलत असते. त्यासाठी महाविद्यालयाचा दाखला परीक्षेपूर्वीच घेऊन ठेवावा लागतो, कारण मे महिन्यात कार्यालयात सही करणारे सापडतीलच असे नाही. सिरोंचा किंवा भामरागडच्या अनेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. देवगडच्या मुलाला तेंदूचे झाड कसे असते हे ठाऊक नसते. तेंदूचा हंगाम मेच्या उत्तरार्धात आटोपतो आणि कोकणात पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उतरतो. मधल्या त्या मोजक्या दिवसांत हाती मजुरी आलेली असली, तर चार दिवसांचा पास काढता येतो.